ग्रेनेडीन्समध्ये शिडाच्या बोटीने बेटं फिरायची असतील तर

कॅरिबियन म्हटलं की लोक नकाशा उघडतात आणि अँटिग्वापासून ग्रेनडापर्यंत हाताचं बोट फिरवत म्हणतात, आठवड्यात एवढं होईल की. होत नाही. म्हणजे मैल होतील कदाचित, पण मोठ्या बेटांच्या मधे खुला समुद्र आहे, अख्खा दिवस लाटा खात जायचं आणि संध्याकाळी पोचल्यावर कुणाच्याही अंगात पाण्यात उतरायचं त्राण नसतं. म्हणून आधीच सांगते, एकच तुकडा निवडा आणि तो नीट बघा. माझं मत विचाराल तर शिडाच्या बोटीसाठी सगळ्यात सुंदर तुकडा ग्रेनेडीन्सचा, वर सेंट व्हिन्सेंट आणि खाली ग्रेनडा, सरळ रेषेत साधारण ६५-७० सागरी मैल, आणि त्यात बेक्विया, कानवान, मेरो, टोबॅगो केज, युनियन, कॅरियाकू अशी लहान लहान बेटं. बहुतेक टप्पे दोन-चार तासांत संपतात. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स याहून सोपी आहेत, पाणी आडोशाचं आहे आणि जागोजागी मूरिंग, म्हणजे नांगराऐवजी बोट बांधायला तळाशी पक्के केलेले तरंगते बॉय, आहेत, त्यामुळे पहिल्यांदाच स्वतः बोट चालवणार असाल तर तिकडे गेलात तरी चालेल. पण तिथे गर्दी फार. पुढचं सगळं ग्रेनेडीन्सबद्दल लिहिते.

सगळ्यात आधी वारा समजून घ्या, कारण रूट, दिशा, रोज कुठे थांबायचं, सगळं तोच ठरवतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर सकाळी वारा पडलेला असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून येतो, तसं इथे नाही. इथे व्यापारी वारे वाहतात, पूर्वेकडून, दिवसरात्र, साधारण १५ ते २० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), हिवाळ्यात थोडे ईशान्येकडून आणि उन्हाळ्यात आग्नेयेकडून. आणि बेटांची माळ उत्तर-दक्षिण पसरलीये, म्हणजे वारा बहुतेक वेळा बोटीच्या बाजूने लागतो, शिडाच्या बोटीला यापेक्षा चांगलं काय हवं. फक्त ही माळ सरळ दक्षिणेला जात नाही, जरा नैर्ऋत्येला झुकलीये, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना वारा किंचित मागून मिळतो आणि उलटं येताना तोच तोंडावर येतो. आठवडाच असेल तर सेंट व्हिन्सेंटला बोट घ्या आणि ग्रेनडाला सोडा. चार्टर कंपन्या, म्हणजे बोटी भाड्याने देणाऱ्या, अशा वन-वेचे वेगळे पैसे लावतात, पण माझ्या मते ते द्यावेत. परत वर यायचे दोन दिवस वाऱ्यावर चढत, ओलेचिंब होत घालवण्यापेक्षा ते दिवस टोबॅगो केजमध्ये घालवा.

कधी जायचं? डिसेंबर ते मे. त्यातही डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीभर 'ख्रिसमस विंड्स' म्हणतात ते येतात, आठवडा आठवडा २५-३० नॉट वारा असतो, लाटा मोठ्या असतात, आणि नेमके तेव्हाच बोटींचे दर सगळ्यात जास्त. फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत वारा जरा शांत होतो, सोबत लहान मुलं किंवा नवखी मंडळी असतील तर हीच वेळ धरा. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात धोक्याचे, पण जून-जुलै सुरक्षित असंही समजू नका, १ जुलै २०२४ ला बेरिल हे वादळ थेट कॅरियाकूवर आदळलं आणि कॅरियाकू, पेटीट मार्टिनिक, युनियन, मेरो या बेटांवरच्या बहुतेक घरांची छपरं गेली. लोक परत उभे राहतायत, पण जुन्या गाईडबुकात वाचलेलं एखादं हॉटेल किंवा दुकान आज असेलच असं धरू नका, आणि जे उघडं आहे तिथे मनापासून पैसे खर्च करा, त्यांना त्याची खरंच गरज आहे.

बोट आणि नाखवा

बोट दोन प्रकारे मिळते. नुसती बोट घेऊन स्वतः चालवायची, याला बेअरबोट म्हणतात, किंवा बोटीबरोबर स्किपर, म्हणजे नाखवा, घ्यायचा. बेअरबोटसाठी चार्टर कंपनी तुमचा सेलिंगचा अनुभव लिहून मागते, किती मोठी बोट, कुठल्या पाण्यात, कोणत्या जबाबदारीवर, आणि आरवायएचं, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचं, डे स्किपर किंवा त्या तोडीचं सर्टिफिकेट असेल तर काम सोपं होतं. शिकायला परदेशी जायची गरज नाही, मुंबईत आणि गोव्यात सेलिंगचे क्लासेस आहेत. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या म्हादेईतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती बोटसुद्धा गोव्यातच बांधलेली, तेव्हा शिडाची बोट हे फक्त गोऱ्या लोकांचं काम असं मनात असेल तर ते काढून टाका. पण खरं सांगायचं तर मुंबई हार्बरमध्ये लहान बोट चालवणं आणि प्रवाळांच्या मधून ४० फुटी बोट नेऊन रात्रीपुरता नांगर टाकणं यात बराच फरक आहे. मनात जराशी जरी शंका असेल तर निदान पहिले दोन-तीन दिवस स्किपर घ्या. त्याचे पैसे दिवसावर असतात, शिवाय त्याचं जेवण आणि झोपायची केबिन तुमच्याकडे, हे बोट बुक करतानाच लक्षात घ्या नाहीतर चार केबिन चार जोडप्यांना वाटून बसाल आणि नाखव्याला जागाच नसेल.

कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) की मोनोहल (एकाच सांगाड्याची), यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. आईवडील, मुलं, न पोहणारी माणसं सोबत असतील तर कॅटामरान, ती तिरकी होत नाही, किचन वर असतं, आणि पाण्यात जेमतेम सव्वा मीटर बुडते म्हणून उथळ जागी जाता येतं. मोनोहल दोन मीटरच्या आसपास बुडते, पण वाऱ्यावर चढायला ती चांगली, भाडंही कमी, आणि शिडाखाली चालल्याची खरी मजा तिच्यातच. मला मोनोहल आवडते. घरच्यांना घेऊन जायचं असेल तर मीसुद्धा कॅटामरानच घेईन.

कागदपत्रं

सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स आणि ग्रेनडा हे दोन वेगळे देश आहेत. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून दोन्हीकडे आधी व्हिसा काढावा लागत नाही, तरी तिकीट काढायच्या आधी त्यांच्या सरकारी साईटवर नियम एकदा बघाच. अडचण होते ती वाटेत. मायामी किंवा न्यूयॉर्कवरून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, लंडनवरून जाणार असाल तर तिथले ट्रान्झिटचे नियम वेगळे. आणि उत्तरेला मार्टिनिक दिसतंय म्हणून तिकडे बोट वळवू नका, ते फ्रान्सचं आहे आणि साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. अजून एक, तुम्ही सेंट व्हिन्सेंटच्या आर्गाइल एअरपोर्टवर विमानाने उतरणार आणि ग्रेनडावरून उडणार, मग इमिग्रेशनवाला परतीचं तिकीट विचारणार आणि ते दुसऱ्याच देशातून असणार. चार्टरच्या करारपत्राची प्रिंट हातात ठेवा, दोन मिनिटांत काम होतं.

देश बदलताना बोटीचंही इमिग्रेशन असतं. सेंट व्हिन्सेंटमधून निघताना युनियन बेटावर क्लिफ्टनला क्लिअर आऊट करायचं, म्हणजे देश सोडल्याची नोंद, आणि कॅरियाकूला हिल्सबरो किंवा टिरेल बेला क्लिअर इन, म्हणजे नव्या देशात आल्याची. सेलक्लिअर या साईटवर बोटीची आणि माणसांची माहिती आधीच भरून ठेवलीत तर ऑफिसात वेळ वाचतो. नव्या देशाच्या पाण्यात शिरलात की पिवळा क्यू झेंडा (इमिग्रेशन अजून व्हायचंय अशी खूण) उजव्या बाजूला चढवायचा, कॅप्टनने एकट्याने सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन किनाऱ्यावर जायचं, आणि शिक्का मिळेपर्यंत बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं. नीट कपडे घालून जा, बनियन आणि ओली चड्डी चालत नाही. रविवारी, सुट्टीला किंवा संध्याकाळी गेलात तर ओव्हरटाइमचे पैसे पडतात.

आणि हे तर अजिबात विसरू नका, मिलिटरीसारखे हिरव्या-तपकिरी छापाचे कपडे, टोप्या, बॅगा, काहीही नेऊ नका. तिथे सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलाची चड्डीसुद्धा.

खाणंपिणं

सगळं मोठं सामान सेंट व्हिन्सेंटलाच किंग्जटाउनमध्ये भरा. खालच्या बेटांवर दुकानं लहान आहेत आणि वस्तू बोटीने येतात म्हणून महाग. शाकाहारी असाल तर काळजी नको, किंग्जटाउनच्या मंडईत अळूची पानं, नीरफणस, सुरणासारखे कंद, रताळी, केळी, आंबे सगळं असतं, अळूचं तिथे कॅलालू नावाचं सूप करतात पण आपल्या पद्धतीचं फतफतंही झकास होतं. नीरफणस तर इथलं रोजचं खाणं, ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन ब्लायने १७९३ साली ताहितीवरून रोपं आणली ती याच सेंट व्हिन्सेंटला. घरून फक्त कोरडं न्या: पोहे, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि लहान कुकर, कारण बोटीवर गॅस मोजका असतो आणि कुकरचं झाकण बंद असल्यामुळे बोट हलली तरी डाळ सांडत नाही. ताजी फळं, बिया, कढीपत्ता असलं काही विमानातून नेऊ नका, कस्टम्समध्ये काढून घेतात. आणि रोटी खा. १८५७ मध्ये ग्रेनडात आणि १८६१ मध्ये सेंट व्हिन्सेंटला भारतातून मजूर आणले गेले, त्यांच्या हातची ती रोटी आता सगळ्यांची झालीये, आत बटाटा आणि चणे भरून गुंडाळून देतात.

पाणी मात्र जपा. बेक्वियापासून खाली बेटांवर नद्या नाहीत, लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून वर्षभर वापरतात, तुम्ही नळाला पाइप लावून भरता ते पाणी विकतचं असतं. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात, मग शेवटी तांब्याभर गोड पाणी. अंघोळीलाही तेच.

रूट

सेंट व्हिन्सेंटच्या ब्लू लगूनवरून बेक्विया, जेमतेम ९ मैल. लहान वाटतं, पण पहिल्या दिवसाचा खरा धडा इथेच आहे. सेंट व्हिन्सेंटचा आडोसा सुटला की वारा एकदम वाढतो, कारण डोंगरी बेटाने अडवलेला वारा त्याच्या टोकाला वळसा घालून जोरात सुटतो, त्यात सामुद्रधुनीतला प्रवाह पश्चिमेला ओढत असतो. दहा मिनिटांपूर्वी चहा पीत बसलेली मंडळी अचानक कठडा धरून बसतात. म्हणून आडोशात असतानाच शीड कमी करून घ्या, म्हणजे थोडं गुंडाळून बांधा (याला पहिला रीफ म्हणतात), बाहेर गेल्यावर कमी वाटलं तर उघडता येतं. आणि बोटीचं नाक थेट बेक्वियाच्या टोकावर न ठेवता जरा पूर्वेला धरून ठेवा, प्रवाह तुम्हाला हळूहळू खाली आणतोच. उलटीचा त्रास होणाऱ्यांनी अव्होमिन निघायच्या निदान तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि तिने झोप येते म्हणून सुकाणूवरच्या माणसाने घ्यायची नाही.

बेक्वियाचा अ‍ॅडमिरल्टी बे मोठा आणि आडोशाचा आहे. इथे दोन रात्री राहा. पोर्ट एलिझाबेथमध्ये लाकडी बोटींची मॉडेल्स बनवणारे कारागीर बसतात, त्यांच्याकडे जरूर जा. तिथून कानवान साधारण २० मैल, तीन-साडेतीन तास, आणि पुढे मेरो अगदी जवळ. मेरोच्या सॉल्ट व्हिसल बेला अर्धचंद्राची वाळू आहे, पण हिवाळ्यात उत्तरेकडून लांबची लाट आली की तिथे रात्रभर बोट डुलते, तेव्हा सलीन बेला सरका.

आता टोबॅगो केज. पाच लहान निर्जन बेटं आणि त्यांच्या पूर्वेला घोड्याच्या नालेसारखा प्रवाळाचा कठडा, हॉर्सशू रीफ. पलीकडे अटलांटिक थेट आफ्रिकेपर्यंत, लाटा त्या कठड्यावर फुटतात आणि अलीकडे तुम्ही सपाट पाण्यात नांगर टाकून उभे, समोर जमीनच नाही. वारा पूर्ण लागतो, लाट लागत नाही. इथे शिरायचं ते सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना, कारण इथे चार्टप्लॉटरपेक्षा, म्हणजे बोटीवरच्या इलेक्ट्रॉनिक नकाशापेक्षा, डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवावा लागतो. एका माणसाला पोलराइज्ड गॉगल घालून बोटीच्या टोकावर उभं करा. गडद निळं म्हणजे खोल, बिनधास्त जा. हिरवट-निळं म्हणजे काही मीटर, खाली वाळू. फिकट, पांढुरकं म्हणजे उथळ. आणि तपकिरी किंवा पिवळट डाग म्हणजे प्रवाळ, तिथे जायचं नाही. ढगाची सावली आणि प्रवाळ सारखेच दिसतात, शंका आली तर वेग कमी करून थांबा, सावली सरकते, प्रवाळ सरकत नाही. बारादाल बेटाशेजारी दोरी बांधून कासवांसाठी जागा राखून ठेवलीये, तिथे पोहत जा, कासवं समुद्री गवत खात असतात, दोन हात लांब राहा आणि हात लावू नका. हे मरीन पार्क आहे, फी लागते, मासेमारी बंद, शिंपलेही उचलायचे नाहीत. सनस्क्रीन प्रवाळाला चालणारं घ्या, किंवा सरळ पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून पोहा.

नांगर आणि मूरिंग

मुंबईत ज्यांनी बोट चालवलीये त्यांना चार-पाच मीटरच्या भरती-ओहोटीचा हिशेब अंगवळणी असतो. इथे ती अर्ध्या मीटरच्या आसपास, तेवढं सुख आहे. पण वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बॉयांचा रंग उलटा: बंदरात शिरताना आपल्याकडे लाल बॉय डावीकडे ठेवतो, इथे अमेरिकन पद्धत, लाल उजवीकडे. हे चिठ्ठीवर लिहून सुकाणूपाशी चिकटवा.

नांगर टाकताना वाळूचा पांढरा डाग शोधा, गवतावर नांगर धरत नाही आणि प्रवाळावर टाकणं म्हणजे पाप. वाऱ्याच्या तोंडाला बोट थांबवा, नांगर तळाला टेकवा, मग बोट मागे जाऊ देत साखळी सोडा, खोलीच्या पाचपट. ५ मीटर पाणी असेल तर त्यात बोटीच्या टोकाची उंची १ मीटर धरा, सहाच्या पाचपट म्हणजे ३० मीटर साखळी. नंतर इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू वाढवा आणि किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचं एक घर एका रेषेत धरून बघत राहा, ती दोन्ही एकमेकांपासून सरकली नाहीत तर नांगर बसला. शेवटी मास्क लावून पाण्यात उतरा आणि डोळ्यांनी बघून या. पाणी इतकं स्वच्छ असतं की नांगराचं पातं वाळूत कितपत गेलंय ते वरूनच दिसतं, तेवढं बघितलं की झोप शांत लागते. मूरिंगलाही हेच, बॉयखालची दोरी झिजलेली नाही ना ते उतरून बघा, बेक्वियात तर नक्कीच, कारण तिथली बरीच मूरिंग खाजगी आहेत आणि कुणी तपासत नाही.

रोज दुपारी तीनच्या आत नांगर पडलेला असायला हवा. जागा मिळते, उजेड असतो, पहिला प्रयत्न फसला तर दुसरा करता येतो. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि अंधार झटकन पडतो, बेअरबोटवाल्यांना रात्री बोट चालवायची परवानगीही नसते.

तुम्ही पोचायच्या आधीच लाकडी होड्यांतून माणसं भेटायला येतील, मूरिंग देऊ का, ब्रेड हवा का, लॉबस्टर हवं का. त्यांच्यावर खेकसू नका, हा त्यांचा धंदा आहे आणि बहुतेक जण प्रामाणिक असतात. आधी गुड मॉर्निंग म्हणायचं, मग बाकीचं, इथे नमस्कार न करता थेट विचारणं उद्धटपणाचं समजतात, दुकानातही आणि ऑफिसातही. भाव आधी ठरवा, नको असेल तर हसून नको म्हणा. ईस्ट कॅरिबियन डॉलरच्या सुट्ट्या नोटा ठेवा, १ अमेरिकन डॉलरला २.७० हा दर १९७६ पासून बांधलेला आहे. टोबॅगो केजला पेटीट बातो बेटावर संध्याकाळी ते लॉबस्टर भाजून देतात, जेवणाचा विचार असेल तर दुपारीच सांगून ठेवा. १ मे ते ३१ ऑगस्ट लॉबस्टर पकडायला बंदी असते, तेव्हा कुणी देऊ केलं तरी घेऊ नका. डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची लहान होडी, रात्री पाण्यातून वर उचलून कुलूप लावा. आणि किनाऱ्यावर लाल पट्टा रंगवलेलं झाड दिसलं तर त्यापासून लांब, ते मँचिनील, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं पण विषारी, पावसात त्याखाली उभं राहिलात तरी अंगावर फोड येतात. मुलांना आधीच दाखवून ठेवा.

शेवटचा टप्पा

युनियनवरून कॅरियाकू दीड-दोन तास. तिथे विंडवर्ड गावात अजूनही किनाऱ्यावरच लाकडी स्लूप (एका डोलकाठीच्या शिडाच्या बोटी) बांधतात, ही कला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, नशिबात असेल तर एखादा सांगाडा उभा दिसेल. मग टिरेल बे ते ग्रेनडाची राजधानी सेंट जॉर्जेस, साधारण ३० मैल, ट्रिपमधला सगळ्यात लांब दिवस, सकाळी सातला निघा. वाटेत समुद्राखाली किक एम जेनी नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे, १९३९ पासून बऱ्याच वेळा जागा झालेला, २०१७ मध्येही. एरवी त्याच्यापासून दीड किलोमीटर लांब राहायचं आणि अलर्ट वाढला तर ५ किलोमीटर, निघायच्या आदल्या दिवशी पातळी बघून घ्या. ग्रेनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागलात की वारा मंदावतो, मोलिनियर बेला थांबून पाण्याखालची शिल्पं बघता येतात, ती २००६ पासून तिथे आहेत.

बोट परत द्यायच्या आधी डिझेल भरून घ्या, डिंगी आणि तिचं इंजिन, मास्क, भांडी सगळं यादीप्रमाणे मोजा, काही तुटलं असेल तर स्वतःहून सांगा आणि फोटो काढून ठेवा, डिपॉझिटचे बहुतेक वाद फोटो नसल्यामुळेच होतात. परतीचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. वारा जास्त निघाला तर कॅरियाकूलाच एक दिवस थांबावं लागतं, आणि हातात विमानाचं तिकीट असलं की माणसं नको त्या वाऱ्यात बोट बाहेर काढतात.